शहाद्याची साक्ष

अरबीत ‘शहादा’ म्हणजे साक्ष. आमच्या घरात हा शब्द लहानपणापासून कानावर पडलेला. खानदेशातल्या शहादा गावाचं नाव त्यावरूनच पडलं, असं मी म्हणणार नाही. पण एका पक्ष्याविषयीच्या खऱ्या-खोट्या साक्षीचा निवाडा मात्र याच गावाजवळ झाला.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. आपल्या गावातल्या पिंगळ्याचा भाऊबंद. गावपिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. पाय दणकट. घुबडाच्या जातीचा असूनही हा दिवसाउजेडी शिकार करतो. सरडे आणि उंदीर हा त्याचा आहार.

१८७२ मध्ये ब्लेविट या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडात मिळाला. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हेच ते ह्यूम. त्यानंतर खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत उरली फक्त सात कातडी.

मग एक साक्षीदार पुढे आला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला रानपिंगळा मिळाला, अशी चिठ्ठी त्याच्या संग्रहातल्या नमुन्याला बांधलेली होती. नावाजलेला पक्षितज्ज्ञ खोटं कशाला लिहील? लोकांनी विश्वास ठेवला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी शोध घेतला, पण पक्षी काही सापडला नाही.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेनं तो नमुना बारकाईनं तपासला. तेव्हा उलगडलं, की तो डेव्हिडसन यांचाच! संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, वर नवी चिठ्ठी लावलेला. ती खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, सकाळच्या उन्हात, रानपिंगळा बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि फराह इश्तियाक यांनी सातपुड्यात त्याचा अभ्यास केला. तोरणमाळ आणि मेळघाटच्या रानांत तो आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. पण त्याला सागाचं विरळ रान लागतं, आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली. जुनं झाड तोडलं, की त्याचं घरच गेलं.

मी कवी आहे. कवितेत मी नसलेला पक्षी एखाद्या फांदीवर बसवला, तर कुणाचं बिघडत नाही. शास्त्रात बिघडतं. पक्षी कुठे आहे हेच चुकीचं नोंदलं, तर रान कुठलं राखायचं? डेव्हिडसन यांनी आपल्या चिठ्ठ्यांवर गाव आणि तारीख प्रामाणिकपणे लिहिली होती. शतकानंतर माणसं त्या चिठ्ठ्यांच्या भरवशावर खानदेशात आली, आणि पक्षी तिथेच होता.