पाठीवरची कढई आणि ‘पांढरे बदक’

दुसऱ्याच्या अपराधाचा दोष स्वतःवर घेणे, यास कँटनी भाषेत ‘मे वॉक’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे मूल पाठुंगळी घ्यावे तसे वाहणे. ‘वॉक’ म्हणजे कढई. मराठीत आपण खापर दुसऱ्याच्या माथी फोडतो. तेथे कर्ता दोष देणारा असतो. कँटनी प्रयोगात कर्ता आहे तो ओझे वाहणारा. त्याने ते का स्वीकारावे, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

‘हानशू’ या ग्रंथात छिन राज्याच्या शिक्षांमध्ये कढईत उकळून मारण्याचा उल्लेख आहे. परंतु वाक्प्रचाराचा उगम तेथे शोधण्याचे कारण नाही. बोलीत ‘मोठी कढई’ म्हणजे मोठे संकट, एवढा दुवा पुरेसा आहे.

वरील प्रश्नाचे एक दारुण उत्तर कँटनी मुलखाबाहेर, शेजारच्या फूज्यान प्रांतात मिळते. छिंग राजवटीत (१६४४–१९१२) तेथील चांगचौ व छ्वेनचौ भागांत श्रीमंताने खून करावा आणि गरिबाने पैसे घेऊन देहदंड भोगावा, असे प्रकार घडत. यास ‘पांढरे बदक कापणे’ म्हणत. एकोणिसाव्या शतकातील अधिकारी छन छीयुआन याने आपल्या टिपणसंग्रहात वडिलांपुढे आलेला असा एक खटला नोंदविला आहे. आरोपी सोळा वर्षांचा; प्रेतावर जखमा दहाहून अधिक, म्हणजे एकट्याचे काम नव्हे. समजावल्यावर मुलाने रडत आपण निरपराध असल्याचे सांगितले. प्रकरण फेरतपासासाठी जिल्ह्याकडे परत गेले, आणि तेथून तोच कबुलीजबाब पुन्हा वर आला. या वेळी मुलगा ढळला नाही.

छिंग न्यायपद्धतीत कबुलीजबाबाला फार मोठे महत्त्व होते, आणि मुदतीत निकाल न लागल्यास अधिकाऱ्यावरच कारवाई होई. फेरतपासणी निरपराध्याच्या रक्षणासाठी होती खरी. पण फिरलेली जबानी ती ज्या कचेरीत घडविली गेली तेथेच परत पाठविली जाई. शिक्षा कायम झाल्यावर मुलाने कारण सांगितले : जिल्हाधिकाऱ्याने अधिकच छळ केला, आणि विक्रीचे पैसे खर्चून बसलेल्या आईबापांनी, सुटून आलास तर जीव घेऊ, असे बजावले. मरण दोन्हीकडे होते. त्याने आईबापांच्या इच्छेचे पत्करले.

ही हकीकत पुत्राने पित्याविषयी लिहिलेली असल्याने तीत पितृगौरव आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही पित्याचे यश तीत नाही. सहकाऱ्यांनी त्याला भाबडा ठरविले, निकाल त्यांच्याच मताने लागला, आणि त्याने चौकशीचे ते काम सोडून दिले.