टोरांटो-मुंबई : अंतर तेच, तास वेगळे

टोरांटो ते मुंबई हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ते काही बदलत नाही, प्रवासाचे तास मात्र बदलत आलेत. १९८५ साली थेट विमान नव्हतंच. एअर इंडियाचं 'कनिष्क' माँट्रियलहून लंडन, दिल्ली करत मुंबईला जाणार होतं. २३ जूनला आयर्लंडजवळ स्फोट झाला, ३२९ जण गेले. बॅग चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. आज एखाद्या बॅगेसाठी विमान खोळंबतं, त्यामागे हे आहे.

२०१७ मध्ये एअर कॅनडाने थेट उड्डाण सुरू केलं. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, २०२२ मध्ये रशियाने कॅनडाच्या विमानांना. आईकडे पोचायला किती तास, हे नकाशा नव्हे, देशांची भांडणं ठरवतात. तेव्हा तिकीट काढताना एक दिवस हाताशी ठेवाच!