मंडपातल्या आवाजाची दोरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा मी जरा गडबडलोच. मी काही लेखक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्यात लागलो, बदली होऊन दिल्लीत आलो आणि इथलाच झालो. मात्र गेली काही वर्षे आपल्या उत्सवात मिक्सरशेजारची खुर्ची माझ्याकडे आहे. त्या खुर्चीवर माझी एकदा चांगलीच फजिती झाली. तिच्या निमित्ताने मंडपातल्या ‘एकूण आवाजा’चा थोडा इतिहास सांगतो.

फजिती अशी. बालगोपाळांच्या नृत्याचे गाणे लॅपटॉपवर होते. शेवटी ते हळूहळू विरत जावे म्हणून मी सॉफ्टवेअरमधल्या मास्टर फेडरवर उतरती रेघ आखून ठेवली होती. मास्टर फेडर म्हणजे सगळे आवाज एकत्र झाल्यावर त्यांना शेवटी लागणारी सरकपट्टी. तिच्यावर अशी रेघ आखली की ठरल्या क्षणी, हात न लावता, आवाज ठरलेल्या पातळीवर जातो. यालाच ऑटोमेशन म्हणतात. तालमीत सारे छान जमले. प्रत्यक्षात नृत्य संपले, टाळ्या पडल्या आणि पुढच्या क्रमांकाची आठ वर्षांची मुलगी अभंग म्हणायला उभी राहिली. तिचा माइकही त्याच लॅपटॉपमधून जात होता आणि मास्टर तर शून्यावर जाऊन बसलेला! तिचे ओठ हलत होते, मागच्या रांगांना काही ऐकू येत नव्हते. मी वायरी चाचपत राहिलो. चूक ध्यानात येईपर्यंत अभंग संपला होता. महिनाभर तयारी केलेली ती पोर रडवेली होऊन खाली उतरली. यंत्राने सांगितले तेच केले होते. चूक माझी होती.

आता इतिहासाकडे वळू. लोकमान्यांनी १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली तेव्हा माइक नव्हता. मेळ्यांतली पदे, कीर्तने, व्याख्याने सारे काही मोकळ्या गळ्यावर. आवाज किती असावा हे गाणाऱ्याची छाती ठरवी आणि तो कुठवर पोचावा हे श्रोत्यांची शांतता ठरवी.

१९१५ साली अमेरिकेत सॅनफ्रान्सिस्को येथे जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी हजारोंच्या जमावासमोर कर्ण्यातून भाषण व संगीत ऐकवले. लाउडस्पीकरचे युग सुरू झाले आणि आवाजाची दोरी गायकाकडून यंत्रावरच्या माणसाकडे आली. पुढे १९२५ साली हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकन अभियंत्याने रेडिओसाठी आपोआप आवाज सांभाळणारी योजना काढली. जवळचे केंद्र कानठळ्या बसवी आणि दूरचे ऐकूच येत नसे. व्हीलरचे सर्किट जोरदार लहरी आल्या की रेडिओची ताकद कमी करी आणि क्षीण आल्या की वाढवी. आवाजाच्या ऑटोमेशनचा हा मूळपुरुषच म्हणा ना.

आपल्या दिल्लीत १९३६ साली रेडिओ केंद्र सुरू झाले. कार्यक्रम चालू असताना मीटरच्या सुईवर नजर आणि बटणावर बोट ठेवून बसणे हे तिथल्या अभियंत्यांचे काम. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ घरोघर पोचले, त्यात माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्याबरोबर अशा अनाम अभियंत्यांचाही खारीचा वाटा होता.

पुढे स्टुडिओंत चोवीस चोवीस ट्रॅकचे ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि दोन हातांची दहा बोटे अपुरी पडू लागली. म्हणून १९७०च्या दशकात नीव्ह या ब्रिटिश कंपनीने ‘नेकॅम’ नावाची प्रणाली आणली. अभियंत्याने एकदा फेडर हलवले की संगणक ते लक्षात ठेवी आणि पुढच्या वेळी छोट्या मोटारी ते फेडर जसेच्या तसे हलवीत. स्टुडिओत हे उत्तमच, कारण तिथे चुकले तर टेप मागे नेता येते. मंडपात मागे नेता येत नाही.

या इतिहासातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट १९८३ची. त्या वर्षी कीबोर्ड आणि इतर वाद्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी ‘मिडी’ नावाची समाईक भाषा ठरली. तिच्यात आवाजासाठी दोन वेगळे आकडे राखलेले आहेत. ७ क्रमांक वाद्याच्या मूळ पातळीसाठी आणि ११ क्रमांक वाजवतानाच्या भावानुसार होणाऱ्या चढउतारासाठी. दोन्हींची मोजणी ० ते १२७. अकरा क्रमांकाने आवाज कितीही खाली नेला तरी सात क्रमांकाची पातळी जागची हलत नाही. मी नेमके हेच विसरलो होतो. एका गाण्याचा उतार मी अख्ख्या मंडपाच्या आवाजावर आखला होता.

२००१ साली बर्लिनहून ‘एबलटन लाइव्ह’ हे थेट कार्यक्रमासाठीच केलेले सॉफ्टवेअर आले. त्यात गाण्यांचे तुकडे हवे तेव्हा वाजवण्याचा जो पडदा आहे, तिथे मास्टरवर तुकडा ठेवताच येत नाही. म्हणून जाणकार वादक सगळी गाणी एका मधल्या ट्रॅकमधून नेतात आणि चढउतार त्या ट्रॅकवर आखतात. मास्टर हातासाठी मोकळा राहतो.

त्या एकूण आवाजावर कायद्याचीही नजर आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली या नियमांची कडक अंमलबजावणी करायला सांगितले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत द्यायची तर ती राज्य सरकारने, आणि वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. डेसिबलचा हिशेबही फसवा असतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झाली! ‘जरासाच वाढवा हो’ म्हणणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. समोरच्या इमारतीत परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात, आजारी माणसे असतात. आपल्या आनंदाला शेजारी कंटाळले तर परप्रांतात उत्सव कुणाच्या भरवशावर करायचा?

आमच्या सिग्नल खात्यात एक तत्त्व आहे. काही बिघडले तर सिग्नल आपोआप लाल व्हावा, म्हणजे गाडी थांबेल आणि अपघात टळेल. मी हेच आवाजाला लावू गेलो, पण ते तसेच्या तसे लागू पडत नाही. गाणाऱ्या मुलीसाठी शून्य आवाज हाही अपघातच. इथे काही बिघडले तर आवाज ठरलेल्या मध्यम पातळीवर यायला हवा.

म्हणून आता आपली पद्धत अशी आहे. माइक थेट मिक्सरला जोडलेले, लॅपटॉपमधून फक्त गाणी. गाण्यांचे चढउतार गाण्यांच्याच ट्रॅकवर. प्रत्येक गाण्याच्या आरंभी पातळी मूळ जागी आणणारी खूण. शेवटी लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणारा पहारेकरी. आणि मास्टर फेडरवर माणसाचे बोट.

पुढच्या वर्षी त्याच मुलीने पुन्हा नाव दिले. मी लॅपटॉप मिटून ठेवला आणि फेडरवर बोट ठेवून बसलो. पहिल्या ओळीला ती बिचकत होती, तेव्हा किंचित वर नेले. तिला सूर सापडला तसे हळूच खाली आणले. मागच्या रांगेतल्या आजींनी मान डोलावली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कुणाचा सूर कधी सापडतो हे आधी रेघ आखून कसे कळणार?

मिक्सरशेजारच्या खुर्चीला आता तरुण जोडीदार हवा आहे. संगीत येत नसले तरी चालेल, कान आणि धीर हवा. इच्छुकांनी आरतीनंतर जरूर भेटावे. चूकभूल द्यावी घ्यावी.

गणपती बाप्पा मोरया!