डॉक्टरांनीच दिलेली गोळी

आत्याच्या उशाशी तांब्याभांडं, पोथी आणि झोपेच्या गोळ्यांची पट्टी असे. "अरे, डॉक्टरांनीच दिलीय," एवढं म्हटलं की विषय संपे. एकदा एका लग्नाला जाताना पट्टी घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी तिचे हात थरथरू लागले, घाम फुटला, रात्रभर येरझारा. घरी येऊन गोळी घेतली आणि ती शांत झाली. म्हणजे तिला गोळीची गरजच आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

हीच चूक जगाने दोन दशकं केली. 1903 पासून वापरात असलेल्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त झाल्या तर जीव घेत. त्यामुळे लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेल्या लिब्रियम (1960) आणि व्हॅलियम (1963) या गोळ्या आल्या तेव्हा डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सुरक्षित आहे म्हणजे सवयही लागणार नाही, असं गृहीत धरलं गेलं. खरं तर 1961 मध्येच लिओ हॉलिस्टर यांनी लिब्रियमच्या मोठ्या डोसवर असलेल्या 11 रुग्णांची गोळी एकदम बंद करून पाहिली होती. दहा जणांना त्रास झाला, दोघांना झटके आले. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही.) पण डोसच मोठा होता, म्हणून ते बाजूला पडलं. 1969 ते 1982 व्हॅलियम हे अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिलं जाणारं औषध होतं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन या डॉक्टर बाईंनी 1982 मध्ये या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक सुरू केलं. तिथे येणारे लोक चिठ्ठीत लिहिलेलाच डोस घेत होते. चोरी नाही, खोटं बोलणं नाही. तरीही गोळी चुकली की थरथर, धडधड, झोप उडणं. हा जुना आजार उलटला असं त्यांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं होतं. अ‍ॅश्टनबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं. गोळी महिनोन्‌महिने, थोडी थोडी कमी करायची आणि वेग रुग्णाने ठरवायचा, ही त्यांची पद्धत.

हे मी वाचलं तेव्हा आत्या सत्तरीला आली होती. घरात 'व्यसन' हा शब्द उच्चारल्यावर आतेभावाने पट्टीच कचऱ्यात टाकली. ती मी उचलून आणली. एकदम बंद केली असती तर झटके येऊ शकले असते. आता 14416 वर टेली-मानसला फोन करता येतो, तेव्हा ती सोय नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ शोधायलाच महिना गेला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, गोळी चुकली तर काय होतं?" इतक्या वर्षांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

तेरा महिने लागले. मधे दोनदा ती अडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "थांबा इथेच, घाई नाही." स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज लिहायची: पाऊण, अर्धी, पाव. पावच्या पुढे काय लिहायचं हे तिला सुचेना, म्हणून नुसता ठिपका काढू लागली.