केगमधील बीअर : गाळ, गारवा आणि वायू

अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने घरच्या वापरापुरती बीअर करमुक्त बनविण्याची मुभा मिळाली आणि हा छंद तेथे फोफावला. या छंदिष्टांचे आवडते भांडे म्हणजे ‘कॉर्नेलियस केग’, अर्थात सुमारे १९ लिटरचे, स्टेनलेस स्टीलचे उभट पिंप. मुळात ते शीतपेयांच्या पाकासाठी बनविले गेले. कंपन्या तो पाक खोक्यातल्या पिशवीत भरू लागल्यावर जुनी पिंपे स्वस्तात मिळू लागली.

नुकतीच आंबून झालेली बीअर गढूळ असते आणि तिला फेसही नसतो. हे दोन्ही दोष पिंपातच दूर होतात. त्यासाठी हवा असतो तो गारवा. पिंपातील हवा आधी कार्बन डायऑक्साइडने हुसकून लावावी. प्राणवायू राहिला तर बीअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते व आठवड्यांची मेहनत वाया जाते.

त्यानंतर पिंप शून्य ते दोन अंश सेल्सिअसला ठेवतात. या थंडीत यीस्टच्या पेशी तळाशी बसू लागतात, तर धान्यातील प्रथिने व पॉलिफिनॉल एकत्र येऊन धुरकटपणा निर्माण करतात. हा धुरकटपणा थंडीतच प्रकटतो. म्हणूनच जिलेटिन घालायचे तर ते बीअर पुरती गार झाल्यावरच. अर्धा चमचा जिलेटिन कपभर पाण्यात सुमारे ६५ अंशांपर्यंत तापवून विरघळवावे, उकळू नये. जिलेटिनवर धन, तर यीस्टवर ऋण विद्युतभार असल्याने कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि एक-दोन दिवसांत बीअर नितळते. जिलेटिन प्राणिजन्य आहे. शाकाहारी मंडळींनी दोन-तीन आठवडे वाट पाहावी, काम तेच होते. गव्हाच्या जर्मन बीअरला मात्र निवळविण्याच्या फंदात पडू नये. तिचा गढूळपणा हाच तिचा गुण.

वायूचे गणित विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेल्या नियमावर चालते : दाब जितका अधिक, तितका वायू द्रवात अधिक विरघळतो. शिवाय शून्य अंशाला पाण्यात कार्बन डायऑक्साइड २० अंशांच्या जवळजवळ दुप्पट मुरतो. तीन-चार अंशांवर दर चौरस इंचाला १२ पौंड दाब ठेवल्यास आठवडा-दहा दिवसांत लिटरभर बीअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू सामावतो. उतावळे लोक दाब ३० पौंडांवर नेऊन पिंप हलवतात. वायू काही मिनिटांत मुरतो खरा, पण बसलेला गाळ पुन्हा वर येतो आणि अंदाज चुकला की पेल्यात नुसता फेसच पडतो.

सिलिंडर बंद खोलीत ठेवू नये, गळती जिवावर बेतू शकते. आपल्याकडे हा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे.

बीअर बाहेर काढणारी नळी पिंपाच्या तळापर्यंत जाते. त्यामुळे पहिले एक-दोन पेले गाळाचेच निघतात. ते ओतून द्यावेत आणि त्यानंतर पिंप जागचे हलवू नये.