‘क्वीन २’ : आवरणचित्र

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमवरील (मार्च १९७४) छायाचित्र. छायाचित्रकार : मिक रॉक (१९४८–२०२१).

काळ्याभोर पार्श्वभूमीवर चार चेहरे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात मांडलेले आहेत. वर ब्रायन मे, खाली फ्रेडी मर्क्युरी, दोन्ही बाजूंना रॉजर टेलर व जॉन डीकन. कपडे काळे असल्याने धडे अंधारात बुडतात. उरतात ते चेहरे आणि मर्क्युरीचे छातीवर फुलीसारखे घेतलेले हात. उजेड माथ्यावरून पडतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणींत सावली साचते आणि गालफडे उठून दिसतात. गिटार नाही, ड्रम नाही. रॉक बँडचे चित्र वाद्यांशिवाय इतके भारदस्त क्वचितच झाले असेल.

ही प्रकाशयोजना सिनेमातून आली. ‘शांघाय एक्स्प्रेस’ (१९३२) या चित्रपटाच्या काळातील मार्लेन डीट्रिचचे एक छायाचित्र चित्रपट-अभ्यासक जॉन कोबाल यांच्यामुळे रॉक यांच्या हाती आले. त्यांनी ते दाखवताच मर्क्युरी हरखला. हे फार आढ्यतेचे वाटेल, अशी शंका इतरांना होती. ती त्याने दूर केली. अल्बमच्या बाजूंना नेहमीच्या ‘ए’ आणि ‘बी’ऐवजी ‘पांढरी’ व ‘काळी’ अशी नावे होती. म्हणून आतल्या पानासाठी पांढऱ्या वेशातील चौघांचे वेगळे छायाचित्र घेण्यात आले.

रॉक त्याआधी डेव्हिड बोवीच्या ‘झिगी स्टारडस्ट’ पर्वाचे छायाचित्रण करून नावारूपाला आले होते. क्वीनला मात्र तोवर मोठे यश मिळाले नव्हते. कीर्ती येण्याआधीच बँडला त्याची ओळख देणे, हे या चित्राचे खरे मोल. १९७५मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या चित्रफितीत ब्रूस गॉवर्स यांनी हीच मांडणी हलती केली आणि ती जगभर पोहोचली.

महाराष्ट्राशी दुवा मर्क्युरीचा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा फारुख बलसारा (१९४६–१९९१) पारशी कुटुंबातला. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात राहून झाले. तिथेच तो पियानो शिकला आणि १९५८च्या सुमारास मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढून त्यात पियानो वाजवू लागला. आवरणावरचा त्याचा आत्मविश्वास लंडनने घडवला असे म्हटले जाते. त्याचा पाया पाचगणीच्या शाळेतल्या रंगमंचावर घातला गेला, हे विसरता कामा नये.