फरसबंदी रचनेतील हवामान विदा

फरसबंदी रचनेतील हवामान विदा म्हणजे रस्त्याच्या थरांची जाडी व डांबराची प्रत ठरविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तापमान, पर्जन्य, आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाश यांच्या नोंदी. डांबर उष्णतेने मऊ होते व जड वाहनांच्या चाकांखाली त्यात चाकोऱ्या पडतात. कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होऊन आडवे तडकते. पाणी मुरले की खालच्या मातीची धारणशक्ती घटते.

अमेरिकेतील रचनापद्धती दीर्घकाळ इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता-चाचणीवर आधारलेली होती. तेथील निष्कर्ष एकाच जागेचे, अर्थात एकाच हवामानाचे होते. तरीही ते देशभर लावले गेले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या महामार्ग संशोधन कार्यक्रमातून ‘सुपरपेव्ह’ पद्धती निघाली. तीत डांबराची प्रत थेट तापमानावरून ठरते. ‘पीजी ६४-२२’ या प्रतीतील पहिला आकडा सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी दाखवितो, तर दुसरा उणे २२ अंश सेल्सिअस हे किमान तापमान. ही तापमाने हवेची नसून फरसबंदीची असतात. भर उन्हात रस्ता हवेपेक्षा बराच अधिक तापत असल्याने हा भेद महत्त्वाचा आहे. हवेच्या नोंदींवरून फरसबंदीचे तापमान सूत्राने काढले जाते.

भारतात डांबराची वर्गवारी श्यानतेवर (व्हीजी-१०, २०, ३०, ४०) होते. तिची मुख्य चाचणी ६० अंशांवर घेतात. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी:३७’ ही मार्गदर्शिका मैदानी प्रदेशासाठी फरसबंदीचे वार्षिक सरासरी तापमान सुमारे ३५ अंश धरते. हिशेबाला हा आकडा सोयीचा असला, तरी नागपूरचा मे आणि रत्नागिरीचा जुलै यांतील अंतर त्यात दिसत नाही. पावसाचा विचार मात्र मातीच्या चाचणीत होतो: नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्याची ताकद मोजली जाते.

या साऱ्या पद्धतीचे एक गृहीतक असे, की पुढील हवामान मागील नोंदींसारखेच राहील. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुन्या तापमान-नोंदींवर विसंबल्यामुळे आधीच्या दोन दशकांत सुमारे ३५ टक्के ठिकाणी डांबराची निवड चुकल्याचे आढळले. रस्ता दोन दशकांसाठी बांधला जात असल्याने भूतकाळातील नोंदींसोबत हवामान-प्रारूपांचे अंदाजही रचनेत घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत.